आत माणसं आहेत का, हे आधी सांगा

मागच्या अंकात संपादकांनी सुरक्षा दलांविषयी प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच वाद आहे: पोलिसांचे कमांडो भारी की लष्कराचे? मी सातारा जिल्ह्यातला. मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई म्हणून भरती झालो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं प्रतिनियुक्तीवर एनएसजीत, म्हणजे केंद्राच्या कमांडो दलात, होतो आणि निवृत्तीनंतर पोलीस जवानांना इमारतीत शिरण्याचं प्रशिक्षण दिलं. दोन्हीकडची पोरं घाम गाळताना पाहिली आहेत, म्हणून उत्तरं द्यायला बसलो.

प्रश्न : फोर्स वनचे दहा जवान आणि पॅरा एसएफचे दहा जवान समोरासमोर आले तर कोण जिंकेल? आमच्या भरती अकॅडमीत रोज यावरून वाद होतो. गोलमोल उत्तर नको.
*(बारावीचा विद्यार्थी, कराड)*

गोलमोल देत नाही. फोर्स वन म्हणजे महाराष्ट्र पोलिसांचं कमांडो पथक आणि पॅरा एसएफ म्हणजे लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटचे खास कमांडो. रात्र आहे, डोंगर आहे, दोन्हीकडे रायफली आहेत, मध्ये तिसरं कुणी नाही आणि कसलंही बंधन नाही, तर पॅरा एसएफ जिंकेल. फोर्स वनमधला जाणता जवानही तुला हेच सांगेल. पॅरा एसएफमध्ये जायला शिपाई स्वतःहून पुढे येतो, त्याला काही महिन्यांचं प्रोबेशन काढावं लागतं आणि आलेल्यांपैकी बरेचजण आपल्या पलटणीत परत जातात. जो टिकतो त्याची पुढची सगळी नोकरी त्याच कामात जाते. पाठीवर आठवड्याचं सामान घेऊन चालायचं, झोप नसताना डोकं शाबूत ठेवायचं, जखमी साथीदाराला उचलून मैलोन्‌मैल न्यायचं, वायरलेसवरून तोफखान्याचा मारा अचूक जागी मागवायचा. पोलीस कमांडोला यातलं बरंचसं शिकवतच नाहीत, कारण त्याला ते लागत नाही. त्याची लढाई शहरात होते, काही तासांची असते आणि कोपऱ्यावर अॅम्ब्युलन्स उभी असते.

आता तुझाच प्रश्न मी थोडा बदलतो. अंधेरीतली सात मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर दोन बंदूकधारी. घरात आजी, सून आणि दोन लहान मुलं. शेजारच्या फ्लॅटमधली माणसं अजून बाहेर पडलेली नाहीत. आता कोण चांगलं? ज्याने हेच काम रोज केलं आहे तो. तो पोलिसातला असेल किंवा लष्करातला. डोंगरात दहा दिवस राहू शकणारा जवान या जिन्यावर आपोआप श्रेष्ठ ठरत नाही.

कारगिलमध्ये १९९९ साली टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्स या पलटणीची घातक प्लाटून, म्हणजे धडक तुकडी, कडा चढून गेली. वर बंकर होते आणि बंकरमध्ये शत्रूच होता. आधी ग्रेनेड आत जायचा, मग माणूस. अशा लढाईत आपले जवान पडणार हे गृहीत धरूनच पुढे जातात, कारण शिखर ताब्यात यायलाच हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ग्रेनेड टाकता येत नाही. डोळे दिपवणारा, कान बधिर करणारा स्टन ग्रेनेड टाकायचा, आणि त्या दोनतीन सेकंदांत आत शिरून कुणाच्या हातात काय आहे ते बघायचं. दोन्ही बंदूकधारी मेले पण सून गेली, तर काम फसलं. हिशेब असा असतो.

प्रशिक्षणात आम्ही खोलीत माणसांच्या चित्रांचे फळे उभे करायचो. एकाच्या हातात पिस्तूल, एकाच्या हातात मोबाईल, एक बाई मूल कडेवर घेतलेली, एक म्हातारा हात वर केलेला. प्रत्येक फेरीला फळ्यांच्या जागा बदलायच्या, दिवे घालवायचे, धूर सोडायचा. पलटणीतून नवी आलेली पोरं वाऱ्यासारखी आत शिरायची, निशाणा पक्का, पण पहिल्या आठवड्यात मोबाईलवाल्याच्या छातीत दोन भोकं हमखास सापडायची. पोलिसातून आलेली पोरं मोबाईलवाल्याला सोडायची, पण पिस्तूलवाल्यासमोरही क्षणभर थबकायची. तो क्षण जीव घेणारा असतो. सैनिकाला हात रोखायला शिकवावं लागतं आणि पोलिसाला हात सोडायला. दोघांनाही हे येतं. मात्र हजारो फेऱ्या मारून येतं, आणि सराव दोनतीन महिने सुटला की जातं.

पोरांनो, अकॅडमीत वाद घालायचाच असेल तर यावर घाला: कुठल्या दलाला वर्षात किती दिवस सराव मिळतो? बंदोबस्ताला आणि बड्यांच्या संरक्षणाला किती दिवस जातात? गोळीबाराच्या सरावाला काडतुसं किती मिळतात? दल चांगलं की वाईट ते इथे ठरतं.

प्रश्न : २६/११ च्या वेळी मी पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. दुसऱ्या दिवशी शाळा बंद होती आणि आम्ही सगळे टीव्हीसमोर. तेव्हापासून मनात आहे, मुंबई पोलिसांकडे लष्करासारखे कमांडो असते तर तीन दिवस लागले असते का? आणि एनएसजीला यायला इतका वेळ का लागला?
*(निवृत्त शिक्षिका, डोंबिवली)*

बाई, या प्रश्नाला मी जास्त जागा घेणार आहे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. दहा अतिरेकी, समुद्रातून आलेले, प्रत्येकाकडे एके-४७, हातबाँब आणि पाकिस्तानातून फोनवर सूचना देणारी माणसं. एनएसजी तेव्हा एकाच ठिकाणी होती, हरियाणात मानेसरला. दिल्लीत आदेश निघणं, जवान दिल्ली विमानतळावर आणणं, माणसं आणि सामान मावेल असं आयएल-७६ विमान चंडीगडहून मागवणं, मग मुंबईपर्यंत उड्डाण, आणि विमानतळावरून बेस्टच्या बसमधून दक्षिण मुंबई. प्रत्यक्ष कारवाईला हात घालेपर्यंत २७ ची सकाळ उजाडली. यात जवानांचा एका मिनिटाचाही दोष नव्हता. देशाने आपलं सर्वांत चांगलं पथक एका जागी ठेवलं होतं आणि त्याला हलवायला विमान जवळ ठेवलं नव्हतं.

मधल्या त्या रात्री कोण होतं? पोलीस होते. सीएसटीवर रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे लढताना गेले. कामा हॉस्पिटलच्या गच्चीखाली अतिरिक्त पोलीस आयुक्त सदानंद दाते मूठभर माणसं घेऊन भिडले. हातबाँबचे तुकडे अंगात घुसलेले असताना त्यांनी कसाब आणि त्याच्या साथीदाराला तिथे रोखून धरलं. त्यांचे सहकारी प्रकाश मोरे आणि विजय खांडेकर तिथेच गेले. कामाजवळच्याच गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर गेले. ताजमध्ये तेव्हाचे उपायुक्त विश्वास नांगरे पाटील मोजकी माणसं घेऊन शिरले आणि सीसीटीव्हीच्या खोलीतून अतिरेकी कुठल्या मजल्यावर आहेत ते सांगत राहिले. मध्यरात्रीनंतर नौदलाचे मार्कोस आले. मार्कोस म्हणजे समुद्रातले वाघ. जहाजं, तेलफलाट, किनारे हे त्यांचं घर. पण त्या रात्री त्यांच्या पुढ्यात धुराने भरलेलं, अंधारं, न पाहिलेलं हॉटेल होतं आणि हाती नीट नकाशाही नव्हता.

आता तीन दिवसांचं. ताज म्हणजे जुनी इमारत आणि टॉवर मिळून शेकडो खोल्या, आणि प्रत्येक दार बंद. आतल्या पाहुण्यांना फोनवरून सांगितलेलं होतं की दार उघडू नका, आवाज करू नका. बाहेरून कमांडो ठोठावतो, ‘आम्ही तुम्हाला सोडवायला आलोय’ म्हणतो, आणि आतला माणूस भीतीने गप्प राहतो. अतिरेकीही तसंच म्हणू शकतो ना! त्यामुळे बंद दारामागे घाबरलेलं कुटुंब आहे की एके-४७ घेतलेला माणूस, हे दार उघडेपर्यंत कळत नाही. प्रत्येक खोली, प्रत्येक न्हाणीघर, प्रत्येक कपाट असंच तपासायचं. जगातलं कुठलंही पथक आणलं असतं तरी हे काम तासाभरात झालं नसतं. मेजर संदीप उन्नीकृष्णन आपल्या जखमी साथीदाराला सुरक्षित हलवून पुन्हा अतिरेक्यांच्या मागे गेले आणि ताजमध्येच पडले. नरीमन हाउसमध्ये हवालदार गजेंद्रसिंग पडले. २९ तारखेच्या सकाळी ताज मोकळं झालं. दहशतवाद्यांच्या हातून १६६ माणसं गेली होती.

यातले फार मोठ्या संख्येने लोक पहिल्या काही तासांतच गेले, हे लक्षात घ्या. सीएसटीवरचा संहार तर विमान मुंबईत यायच्या कितीतरी आधी संपला होता. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की, हो, शहरात तयार पथक असतं तर खूप जीव वाचले असते. त्यासाठी ते पॅरा एसएफच्या तोडीचं असायची गरज नव्हती. रायफली चालवायचा चांगला सराव असलेली, चिलखती जाकिटं घातलेली, ताजचा आणि सीएसटीचा नकाशा पाठ असलेली चाळीस माणसं वीस मिनिटांत पोचायला हवी होती. मुंबईला पुढे फोर्स वन मिळालं, पोलिसांची शीघ्र कृती पथकं नव्याने उभी राहिली आणि २००९ मध्ये एनएसजीची केंद्रं मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्यात आली. हे सगळं आधी व्हायला हवं होतं. ही खंत माझ्यासारख्या प्रत्येकाला आहे.

आणि एक गोष्ट मी कुठेही बोलायला उभा राहिलो की सांगतो. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, पण नळी सोडली नाही. साथीदारांनी कसाबला जिवंत पकडला. माझ्यासारख्या सैनिकाने त्या जागी काय केलं असतं? समोर हत्यारबंद शत्रू दिसताच गोळी घातली असती आणि ते बरोबरच ठरलं असतं. पण मग दहा प्रेतं उरली असती आणि पाकिस्तानने हात झटकले असते. जिवंत कसाबमुळे त्याचं गाव, त्याचं प्रशिक्षण, त्याला पाठवणारे, सगळं न्यायालयात उभं राहिलं. रीतसर खटला चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. आरोपीला पकडून न्यायालयासमोर उभं करणं हे पोलिसाचं काम. ओंबळेंनी ते मरता मरता केलं. कुठल्याही कमांडोने त्यांच्यापुढे टोपी काढावी.

प्रश्न : आमच्याकडे लोक म्हणतात, पोलिसांना जमत नसेल तर लष्कर बोलवा, एका दिवसात साफ करतील. पंजाबात तसं झालं का?
*(वाचक, नांदेड)*

तुम्ही नांदेडचे, हजूर साहिबच्या गावचे, म्हणून या विषयाचं दुःख तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. सुवर्णमंदिर परिसरात चार वर्षांच्या अंतराने दोन कारवाया झाल्या. जून १९८४ मध्ये लष्कर आत गेलं. आत बसलेल्या अतिरेक्यांची मोर्चेबांधणी पक्की होती. ती शाबेगसिंग या माजी मेजर जनरलने केलेली होती. गुरू अर्जनदेवांच्या शहीदीदिनामुळे भाविक मोठ्या संख्येने आत होते. घाईने, रात्री, समोरून हल्ला झाला. पॅराशूट रेजिमेंटचे कमांडो पुढे होते, आणि उघड्या फरशीवर मशीनगनच्या माऱ्यात त्यांची मोठी हानी झाली. शेवटी रणगाडे आत आणावे लागले आणि अकाल तख्त उद्ध्वस्त झालं. सरकारी आकड्यांप्रमाणे ८३ जवान गेले आणि आतले शेकडो लोक गेले, त्यात भाविकही होते.

मे १९८८ मध्ये पुन्हा सशस्त्र लोक आत बसले. या वेळी ऑपरेशन ब्लॅक थंडर झालं. पंजाब पोलिसांचे प्रमुख के. पी. एस. गिल आणि एनएसजी. परिसराला वेढा घातला, वीज आणि पाणी तोडलं, आजूबाजूच्या उंच जागांवर दुर्बिणीच्या रायफली घेतलेले नेमबाज बसवले आणि वाट पाहिली. पत्रकारांना दुरून सगळं पाहू दिलं. जवळजवळ दहा दिवस लागले, पण सुमारे दोनशे जण हात वर करून बाहेर आले आणि दरबार साहिबचं, म्हणजे सुवर्णमंदिराचं, नुकसान १९८४ च्या मानाने नगण्य झालं.

आता यातली खरी गोष्ट ऐका. १९८८ मधले ते नेमबाज कोण होते? एनएसजीच्या स्पेशल अॅक्शन ग्रुपचे, म्हणजे लष्करातूनच आलेले जवान. एनएसजी १९८४ मध्येच उभी राहिली, ती गृहमंत्रालयाच्या हाताखाली. तिच्या अॅक्शन ग्रुपमध्ये सैनिक असतात, रेंजर ग्रुपमध्ये पोलीस आणि केंद्रीय दलांतली माणसं असतात. माणसं लष्करातलीच, पण त्यांना दिलेलं काम वेगळं होतं: घाई नाही, माणसं जिवंत बाहेर आली पाहिजेत. तेवढ्याने निकाल बदलला. ‘लष्कर बोलवा’ म्हणणाऱ्यांना विचारा, त्यांना काय करायला सांगणार आहात? सैनिकाला ‘घे’ म्हटलं की तो घेतोच, किंमत कितीही पडो.

प्रश्न : मी कामानिमित्त म्युनिकला राहतो. इथल्या १९७२ च्या ऑलिंपिकमधल्या घटनेनंतर जर्मनीने लष्कराऐवजी पोलिसांचं पथक का काढलं?
*(वाचक, म्युनिक)*

तुम्ही जिथे राहता तिथूनच या सगळ्या आधुनिक पथकांची गोष्ट सुरू होते. ५ सप्टेंबर १९७२ ला आठ पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी ऑलिंपिक ग्राममध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं. रात्री फुर्स्टेनफेल्डब्रुकच्या विमानतळावर बव्हेरियाच्या पोलिसांनी सुटकेचा प्रयत्न केला. नेमबाज पाच, अतिरेकी आठ. नेमबाज म्हणजे साधे पोलीस, खास शिक्षण नाही, एकमेकांशी बोलायला वायरलेस नाही. अकराही इस्रायली गेले, त्यातले दोघे आधीच गेले होते, आणि एक जर्मन पोलीसही गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत देशाच्या आत, लोकांवर लष्कर वापरण्याला घटनेचाच अडसर होता आणि लोकांच्या मनातही ती भीती होती. म्हणून त्याच महिन्यात सीमा पोलिसांतून जीएसजी ९ उभं केलं. प्रमुख उलरिश वेगेनर. पाच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९७७ ला, सोमालियात मोगादिशूच्या धावपट्टीवर त्यांनी लुफ्तान्साचं अपहृत विमान सोडवलं. चारपैकी तीन अपहरणकर्ते मेले, आणि विमानातले सगळे ८६ प्रवासी सुखरूप सुटले. (कॅप्टन युर्गेन शूमान यांना अपहरणकर्त्यांनी आधीच एडनमध्ये मारलं होतं.) ब्रिटिश लष्करातल्या एसएएसचे दोघे स्टन ग्रेनेड घेऊन मदतीला आले होते, पण विमानात शिरले ते पोलीस. परक्या देशात, रात्री, विमानाच्या अरुंद बोळात हे झालं. पोलीस पथक लष्करी पथकापेक्षा दुय्यमच असतं, असं म्हणणाऱ्याला मी मोगादिशू सांगतो. आपल्या एनएसजीची घडण करताना जीएसजी ९ आणि एसएएस ही दोन्ही उदाहरणं समोर होती.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. ३० एप्रिल १९८० ला लंडनच्या इराणी वकिलातीत सहा बंदूकधारी घुसले. सहा दिवस पोलिसच बोलणी करत होते. ओलिसांपैकी एकाला मारून बाहेर टाकल्यावर पोलीस अधिकाऱ्याने संध्याकाळी सात वाजून सात मिनिटांनी कागदावर सही करून ताबा एसएएसला दिला. आतलं काम झालं की ताबा पुन्हा पोलिसांकडे. त्या कागदाचं मला फार महत्त्व वाटतं. कधी लष्कर, किती वेळ, कुणाच्या सांगण्यावरून, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. संकटाच्या वेळी कमांडोंपेक्षा ‘हुकूम कुणाचा’ याच प्रश्नात जास्त तास जातात.

प्रश्न : पोलिसांना लष्करासारखीच शस्त्रं दिली तर फरक उरेल का?
*(वाचक, इचलकरंजी)*

थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थ हॉलिवूडला दोन दरोडेखोरांनी अंगभर चिलखत घालून रायफलींनी पाऊण तास पोलिसांना झुंजवलं. पोलिसांच्या पिस्तुलांच्या गोळ्या त्यांना लागूनही उपयोग होईना. काहींनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणल्या. शस्त्र कमी पडता कामा नये, हे खरं. पण रायफलीची गोळी लाकडी दार, पातळ भिंत पार करून पलीकडच्या खोलीतल्या माणसाला लागते. म्हणून खोलीत शिरणारा बऱ्याचदा एमपी-५ सारखं पिस्तुलाच्या गोळीचं हत्यार हातात घेतो. शिवाय सैनिकी रायफल पोलिसाच्या हाती आली तरी कायदा पोलिसाचाच राहतो. पोलीस चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवणं, वेगळ्या यंत्रणेकडून तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंधनकारक केलं. तो खटलाही मुंबईतल्या चकमकींवरून होता. ते बंधन हवंच. पोलिसाच्या प्रत्येक गोळीचा हिशेब नागरिकाला मिळाला पाहिजे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गडचिरोलीत सी-६० मध्ये आहे. लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे म्हणाले, ‘पोलीसच ना, मिलिटरीत असता तर गोष्ट वेगळी.’ तुम्ही लष्करातले. तुम्हाला काय वाटतं?
*(एक बहीण, चंद्रपूर)*

ताई, हे उत्तर त्या मंडळींना वाचून दाखवा.

सी-६० हे पथक १९९० मध्ये गडचिरोलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांनिशी उभं केलं. त्यातली पोरं तिथलीच, गोंडी आणि माडिया बोलणारी. माओवाद्यांशी लढायला देशाने लष्कर उतरवलं नाही. हवाई दलाची हेलिकॉप्टरं मदतीला येतात, पण जंगलातलं काम पोलीस आणि केंद्रीय दलांचंच. मी सैनिक म्हणून सांगतो, भामरागडच्या जंगलात पहिल्या महिन्यात मला किंवा पॅरा एसएफच्या कुठल्याही जवानाला तुमच्या भावाच्या मागे चालावं लागेल. कुठला नाला पावसात बंद होतो, कुठल्या पाड्यावर आज परकी माणसं जेवून गेली, एखादी म्हातारी गप्प का आहे, हे त्याला भाषेतून आणि नजरेतून कळतं. आम्हाला नकाशावरून कळणार नाही. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर आणि राजाराम खांदल्याच्या चकमकींत मिळून चाळीस माओवादी मारले गेले. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या जंगलात दिवसभर लढाई चालली, २६ माओवादी मारले गेले, त्यात माओवाद्यांचा मोठा नेता मिलिंद तेलतुंबडे होता. लष्करी पलटणीने अभिमानाने नोंदवाव्यात अशा या लढाया आहेत.

आणि किंमतही तशीच मोजली आहे. २००९ या एका वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोटाजवळ १६ आणि लाहेरीला १७ पोलीस गेले. हत्तीगोटाच्या त्या सोळांत पाच महिला पोलीस होत्या. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंग फुटला. शीघ्र कृती पथकाचे १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला.

सैनिकात आणि तुमच्या भावात एक फरक मात्र मला फार मोठा वाटतो. मी काश्मीरमध्ये असताना माझं घर साताऱ्याला सुरक्षित होतं. समोरच्याला माझं नावही माहीत नव्हतं. सी-६० च्या जवानाचं गाव, आईवडील, शेत त्याच जिल्ह्यात असतं आणि समोरच्याला हे सगळं माहीत असतं. रजेवर घरी जाणं हीसुद्धा त्याच्यासाठी जोखीमच. हे दडपण उरावर घेऊन पुन्हा ड्यूटीवर जाणाऱ्या माणसाला मी माझ्या कुठल्याही साथीदारापेक्षा कमी मानत नाही.

शिवाय त्याला लढून झाल्यावर थांबता येत नाही. काल ज्याच्याशी चकमक झाली तो उद्या आत्मसमर्पणाला येऊ शकतो आणि त्याला सांभाळून आणायचं कामही त्याचंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा माओवाद्यांचा बडा नेता आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत हत्यारं टाकून आला. तीस-पस्तीस वर्षं या पोरांनी जंगल सोडलं नाही, म्हणून तो दिवस आला. भावाला माझा सलाम सांगा. आणि मुलीकडच्यांचं मन तरीही वळलं नाही, तर दुसरं स्थळ बघा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना कमांडो पथकात जाता येतं का? सुरुवात कुठून करू?
*(वाचक, परभणी)*

येतं. दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये फक्त महिलांचं स्वाट पथक उभं केलं. त्यात ईशान्येकडच्या राज्यांतल्या ३६ मुली होत्या. आपल्या राज्यात कमांडो पथकात थेट भरती होईल अशी वाट बघू नकोस. फोर्स वनसारख्या पथकात पोलीस दलात असलेल्यांतून निवड होते, म्हणून आधी पोलीस शिपाई हो. मैदानी चाचणी पन्नास गुणांची: मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा. बऱ्याच मुली धावण्यात चांगल्या निघतात आणि गोळाफेकीत गुण घालवतात, म्हणून खांद्याचा आणि मनगटाचा व्यायाम आजपासून धर. पोहायला शीक, विहिरीत का होईना, पण सोबत जाणतं माणूस ठेव. दोर चढायचा सराव कर. लेखी परीक्षेचं गणित रोज एक तास. भरती झाल्यावर प्रशिक्षण केंद्रात पहिल्याच महिन्यात उस्तादांना सांगून ठेव की कमांडो कोर्सची यादी निघाली की तुझं नाव त्यात हवं, आणि गोळीबाराच्या सरावात मिळालेलं प्रत्येक काडतूस मन लावून झाड.